गिटारला उत्तर कोण देतं?

प्रश्न: नमस्कार ताई. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'दि एंडलेस रिव्हर' आणि त्याच बँडचा गिटारिस्ट-गायक डेव्हिड गिल्मोरचा सोलो 'रॅटल दॅट लॉक' असे दोन्ही अल्बम गेल्या महिन्यात लागोपाठ ऐकले. गिटार तोच वाजवतोय, गळा तोच, शब्द त्याच्या बायकोचे म्हणजे पॉली सॅमसनचे, प्रोड्युसरमध्ये फिल मॅन्झनेरा दोन्हीकडे. सोलो अल्बम नीट बांधलेला आहे, गाणी पूर्ण आहेत, तरी मी परत परत बँडचाच लावतोय आणि तो तर मला अर्धवट वाटतो. असं का होतंय?

उत्तर: तुमचं अजिबात काही चुकत नाहीये, माझंही नेमकं हेच झालं होतं आणि कारण कळायला मला बरेच दिवस लागले. मी दोन्हीकडे फक्त गिटारच ऐकत होते ना. गिल्मोर म्हटलं की आपण सगळे तेच करतो, गिटारचा सोलो कधी येतो याची वाट बघत बसतो.

एक काम करा. 'एंडलेस रिव्हर'मधला 'इट्स व्हॉट वी डू' लावा आणि या वेळी गिटार सोडून द्या, फक्त कीबोर्ड ऐका. तो वाजवतोय बँडचा कीबोर्डिस्ट रिक राइट. आधी तो एक कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले काही सूर, नुसती पसरून ठेवतो, घाई नाही काही नाही, मग गिल्मोर दोन-तीन सूर वाजवून थांबतो, आणि त्या थांबलेल्या जागेत राइट हळूच कॉर्ड बदलतो. आता गिल्मोरचा पुढचा सूर या बदललेल्या कॉर्डवर येतो, म्हणजे तोच सूर असला तरी त्याचा अर्थ वेगळा झालेला असतो. अख्ख्या अल्बमभर हे चाललंय. एक बोलतो, दुसरा ऐकतो, मग उत्तर देतो.

हे रेकॉर्डिंग मुळात 1993-94 चं, 'द डिव्हिजन बेल' अल्बमच्या वेळचं. गिल्मोर, राइट आणि ड्रमर निक मेसन एकत्र बसून तासन्‌तास वाजवत होते आणि टेप चालू होता. त्यातलं बरंच तसंच पडून राहिलं. सप्टेंबर 2008 मध्ये राइट कॅन्सरने गेला, मग गिल्मोर आणि मेसनने त्या साधारण वीस तासांच्या टेप परत काढल्या, त्यावर नवीन गिटार, नवीन ड्रम्स वाजवले आणि नोव्हेंबर 2014 मध्ये अल्बम आला. म्हणजे तुम्ही जे ऐकताय त्यात एक माणूस आधी बोललाय आणि दुसरा काही ठिकाणी त्याला वीस वर्षांनी उत्तर देतोय. अर्धवट वाटणारच हो, संवादच मध्ये तुटलेला आहे.

'रॅटल दॅट लॉक' आला सप्टेंबर 2015 मध्ये, जेमतेम दहा महिन्यांनी. इथे गिल्मोर एकटा निर्णय घेतो. सुरुवातीच्या 'फाइव्ह एएम'मध्ये गिटारच्या खाली ऑर्केस्ट्रा आहे, ती मांडणी संगीतकार झ्बिग्न्येव प्राइझ्नरची, फार सुंदर आहे, पण ऑर्केस्ट्रा गिटारला सांभाळून घेतो, तिच्याशी वाद घालत नाही, तिला दुसरीकडे ओढत नाही. मला वाटतं तुम्हाला जे कमी पडतंय ते हेच.

प्रश्न: पण मग 'एंडलेस रिव्हर' म्हणजे उरलेल्या तुकड्यांची गोधडीच ना? माझा मित्र म्हणतो नावासाठी काढलेला अल्बम आहे, खरा अल्बम सोलोच.

उत्तर: गोधडी म्हणा, हरकत नाही, पण गोधडीत आजीच्या साडीचा तुकडा असतो तेव्हा तिला कोणी उरलंसुरलं म्हणत नाही.

तरी तुमच्या मित्राचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. चार भागांत मिळून अठरा ट्रॅक आहेत, शब्द असलेलं गाणं एकच, शेवटचं 'लाउडर दॅन वर्ड्स'. तिसऱ्या भागात काही तुकडे इतके छोटे आहेत की आत्ता कुठे रंगायला लागलं म्हणेपर्यंत संपतात आणि मला तिथे खरंच चुटपुट लागते. पण त्याच भागात 'ऑटम सिक्स्टीएट' आहे, त्यात राइट लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा तो प्रचंड पाइप ऑर्गन वाजवतोय, 1969 चं रेकॉर्डिंग, दीड मिनिटाच्या आसपास आहे सगळं, आणि गिल्मोरची गिटार त्यात अगदी दबकत येते, देवळात कोणी बसलेलं असताना आपण मागून पाऊल न वाजवता जातो ना तशी. हा दीड मिनिटाचा तुकडा नसता तर मला वाईट वाटलं असतं.

आणि सोलो अल्बम सगळाच भारी आहे असंही नाही. टायटल साँगची गंमत आहे, फ्रान्सच्या रेल्वे स्टेशनवर अनाउन्समेंटच्या आधी चार सुरांची धून वाजते ती गिल्मोरने एक्स-आन-प्रोव्हान्सच्या स्टेशनवर फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतली आणि त्यावर गाणं बांधलं, ती धून ज्याची त्या मिकाएल बुमांडीलला क्रेडिटही दिलंय. ऐकायला मजा येते पण दहाव्यांदा ऐकताना माझं मन लागत नाही. 'द गर्ल इन द यलो ड्रेस' हे जॅझ गाणं चांगलं आहे, पण दुसऱ्याच कुठल्यातरी अल्बममधून आल्यासारखं वाटतं. 'इन एनी टंग' मात्र सोडू नका. युद्धावरचं गाणं आहे, पियानो गिल्मोरचा मुलगा गेब्रियल वाजवतो, आणि शेवटी जो सोलो येतो त्यात तार वर खेचून तो सूर धरून ठेवतो आणि मग ट्रेमोलो आर्मने, म्हणजे गिटारवरच्या सूर हलवायच्या दांड्याने, अगदी किंचित थरथरवतो, एकच सूर, पण रडू दाबून बोलणाऱ्या माणसाचा आवाज कसा होतो तसा होतो तो. इतका मोठा, मोकळा सोलो 'एंडलेस रिव्हर'मध्ये नाहीये, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तिथे तो मुद्दाम राइटला जागा देतोय.

प्रश्न: दोन्ही अल्बम जोडणारं एखादं गाणं आहे का? आणि ऐकायचा क्रम काय ठेवू?

उत्तर: आहे ना! 'रॅटल दॅट लॉक'मधलं 'अ बोट लाइज वेटिंग'. ते राइटवरच आहे. राइटला शिडाच्या बोटीचं वेड होतं, म्हणून बोट. त्यात मधे राइटचा बोलण्याचा आवाज येतो, आणि डेव्हिड क्रॉसबी, ग्रॅहम नॅश हे दोघं गायक गिल्मोरबरोबर गातात. गिटार जवळपास मागेच राहते. मला विचाराल तर दोन्ही अल्बममधलं सगळ्यात खरं गाणं हे आहे, कारण इथे गिल्मोर ती रिकामी जागा भरायला जातच नाही. 2016 च्या जुलैमध्ये तो इटलीतल्या पॉम्पेईच्या त्या प्राचीन रंगमंचात परत वाजवायला गेला, जिथे बँडने 1971 मध्ये शूटिंग केलं होतं, पण बँडचं 'एकोज' हे गाणं त्याने वाजवलं नाही, राइटशिवाय ते वाजवायचं नाही असं त्याने ठरवलंय.

क्रम असा ठेवा, आधी 'एंडलेस रिव्हर' पूर्ण, एका बैठकीत. चार भाग आहेत, प्रत्येक भागातले ट्रॅक एकमेकांत मिसळतात, त्यामुळे शफल बंद करा आणि मोबाइलवर ऐकत असाल तर गॅपलेस प्लेबॅक चालू आहे ना बघा, नाहीतर दर दोन मिनिटांनी बारीक खट्ट होऊन सगळा रंग जातो. फोनच्या स्पीकरवर तर ऐकूच नका, राइटचे खालचे सूर त्यात गायबच होतात आणि मग परत फक्त गिटार उरते. लगेच सोलो लावू नका, एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी 'अ बोट लाइज वेटिंग'पासून सुरुवात करा, मग अल्बम पहिल्यापासून.

आणि त्यानंतर 2024 चा गिल्मोरचा 'लक अँड स्ट्रेंज' जरूर ऐका. त्याच्या टायटल ट्रॅकमध्ये राइटचे कीबोर्ड आहेत, 2007 मध्ये एका कोठारात दोघं बाकीच्या वादकांबरोबर वाजवत बसले होते तेव्हाचे, आणि बोनस म्हणून तो मूळ जॅम, म्हणजे आधी न ठरवता वाजवलेला तुकडाही दिलाय, चौदाएक मिनिटांचा. मी तो हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकते आणि राइटची कॉर्ड बदलली की गिटार पुढे काय करते तेवढंच बघत राहते.