पावसाचं जॅकेट घेताय? आधी काखेत चेन आहे का बघा

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं पावसाळी जॅकेटचीच निघाली, बडोद्यात अजून धड ढग नाहीत पण लोकांची हिमालयाची तिकिटं झालेली दिसतायत. त्यातली तीन घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: काका, मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजच्या ग्रुपबरोबर व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंडला चाललीय. ट्रेकवाल्यांच्या यादीत ‘वॉटरप्रूफ शेल जॅकेट’ असं लिहिलंय. मंगळबाजारातला दुकानदार नऊशेचा रेनकोट दाखवून “बेन, आ एकदम वॉटरप्रूफ छे” म्हणतो, आणि मॉलमधला पोरगा बारा हजाराचं जॅकेट दाखवून वीस हजार एमएम, दहा हजार ग्रॅम असं काय काय बोलत होता, मला तर वाटलं किंमतच सांगतोय. नंतर हेच जॅकेट ती पावागढला आणि पुण्याला मावशीकडे गेली की सह्याद्रीत पण वापरीन म्हणते. नक्की बघायचं काय आणि पैसे किती घालायचे?
– एक आई, मांजलपूर

उत्तर: ताई, पहिली गोष्ट म्हणजे शेल जॅकेटला ऊब नसते. शेल म्हणजे नुसतं कवच, पाऊस आणि वारा बाहेर ठेवायचा एवढंच त्याचं काम, ऊब आतल्या फ्लीसची किंवा स्वेटरची. दुकानात हात घालून “किती पातळ आहे हो” म्हणून जाडजूड अस्तराचं उचलू नका, ते अंगात घालून व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या वाटेवरच्या घांघरिया गावाची चढण चढली तर पोर अर्ध्या तासात आतून चिंब होईल.

आता तो वीस हजारचा आकडा. कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा उभा स्तंभ धरतात आणि तो किती मिलिमीटर उंच झाला की खालून थेंब डोकावतो ते मोजतात. वीस हजार म्हणजे वीस मीटर, सहा मजली बिल्डिंगएवढं पाणी त्या कापडाच्या डोक्यावर उभं. नुसत्या पावसाला एवढा जोर नसतोच, पण सॅकचे पट्टे खांद्यावर दाबतात, ओल्या दगडावर आपण बूड टेकतो, तिथे दाब वाढतो आणि पाणी आत ढकललं जातं. म्हणून सॅक घेऊन दिवसभर पावसात चालायचं असेल तर दहा हजारच्या आसपास असलं की माझ्या मते पुरे, वीस असलं तर उत्तमच, पण त्यापायी दुप्पट पैसे मोजू नका. त्यापेक्षा जॅकेट उलटं करा आणि शिवणी बघा. सुई गेली तिथे भोक पडलं, ते झाकायला आतून टेप चिकटवलेली असते, ती सगळ्या शिवणींवर पाहिजे. काही जॅकेटांना फक्त खांद्यावर आणि टोपीला टेप असते, बाकी शिवणी उघड्या. वॉटरप्रूफ म्हणूनच विकतात ती पण.

दुसरा आकडा, ग्रॅमवाला, तो घामाच्या वाफेचा. एक चौरस मीटर कापडातनं चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते ते. यामागची गंमत सांगतो, १९६९ साली अमेरिकेत बॉब गोअर नावाच्या माणसाने टेफ्लॉनची तापवलेली कांडी झटक्यात ओढली आणि ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणली गेली, आत बारीक बारीक छिद्रांची जाळी तयार झाली. पाण्याच्या थेंबाला ती छिद्रं फारच लहान, वाफेला मात्र भरपूर मोठी. त्याचं गोअर-टेक्स कापड १९७६ ला बाजारात आलं आणि तेव्हापासून सगळ्या कंपन्या ‘श्वास घेणारं’ कापड विकतायत, कुणी तीच जाळी वापरतं, कुणी पॉलियुरेथेनचा थर देतं.

पण ताई, कापड श्वास घेतं म्हणजे काय तर आत वाफ जास्त आणि बाहेर कमी असली की ती आपोआप बाहेर सरकते. घांघरिया तीन हजार मीटरच्या वर आहे, बडोद्यापेक्षा ढोबळ हिशेबाने वीस डिग्री तरी गार, तिथे आतबाहेर चांगला फरक पडतो आणि जॅकेट बऱ्यापैकी काम करतं. जुलैत सह्याद्रीत जा, बाहेर हवा दमट, ढगातच चालतोय आपण, तापमान बावीस-चोवीस, मग ती वाफ जाणार कुठे? मी एकदा हरिश्चंद्रगडावर उसनं महागडं जॅकेट घालून गेलो होतो, वर देवळापाशी पोचून काढलं तर शर्ट पिळता येत होता, आणि बरोबरचा गाववाला प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन माझ्यापेक्षा कोरडा. मी बाहेरून कोरडा ठणठणीत होतो हो, आतून नव्हतो.

आपल्या कोकणातल्या बायका भातलावणीला इरलं घेतात ना, पाठीवर पानांचं छप्पर आणि खालून सगळं मोकळं, त्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. वाफ कापडातनं काढण्यापेक्षा हवाच खेळती ठेवा. म्हणून मी त्या ग्रॅमच्या आकड्याकडे फार बघत नाही (शिवाय प्रत्येक कंपनीची मोजायची पद्धत वेगळी, एकाचे दहा हजार दुसऱ्याच्या दहा हजाराशी जुळतीलच असं नाही), मी बघतो काखेत चेन आहे का. काखेपासून खाली बरगडीपर्यंत जाणारी लांब चेन, चढावर ती उघडायची, माथ्यावर वारा लागला की बंद करायची. ज्या जॅकेटला ही चेन आहे ते कमी आकड्याचं असलं तरी मी घेईन, आणि तिच्या तीन ठिकाणच्या वापरात पावागढला आणि सह्याद्रीत तर हीच कामाला येणार.

मग टोपी. टोपीला पुढे कडक झालर पाहिजे, नाहीतर पाणी थेट डोळ्यात, आणि मागून आवळायची नाडी पाहिजे म्हणजे मान वळवली की टोपी पण वळते. दुकानात टोपी घालून डावीउजवीकडे बघायला सांगा, अर्धा चेहरा टोपीच्या आत गेला तर ते जॅकेट ठेवून द्या. खिसे कमरेवर असतील तर सॅकचा कंबरपट्टा बांधला की ते बंद, आत ठेवलेला मोबाईल निघत नाही, खिसे जरा वर छातीकडे असलेले बरे. मनगटाला वेलक्रो, खाली नाडी. साईज एक नंबर मोठा, आत फ्लीस घालून हात वर केला तरी कंबर उघडी पडता कामा नये.

दुकानात लेयरबद्दल, म्हणजे कापड किती थरांचं, ते पण विचारतील. अडीच लेयर म्हणजे आत वेगळं कापड नाही, नुसता छापील थर, हलकं आणि स्वस्त पण उघड्या हाताला चिकटतं, आत पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घातला की चालून जातं. तीन लेयरला आत जाळीदार कापड चिकटवलेलं असतं, जास्त टिकतं आणि महाग. वर्षातनं दोन-तीनदा जाणाऱ्या कॉलेजच्या पोरीला अडीच लेयर भरपूर. बारा हजार घालू नका, चार-पाच हजारात वरच्या सगळ्या गोष्टी असलेलं मिळालं तर तेच घ्या आणि उरलेल्या पैशात चांगले बूट आणि पावसाळी पॅन्ट घ्या. नऊशेचा रेनकोट मात्र हेमकुंडासाठी नको, ते चार हजार मीटरच्या वर आहे, भिजलेल्या अंगाला तिथला वारा लागला की थंडी बाधते आणि ती नुसती सर्दी नसते. आत सुती टीशर्ट पण नको, तो भिजला की वाळतच नाही. कोरडे कपडे सॅकमध्ये जाड प्लास्टिकच्या पिशवीत, सॅकच्या कव्हरवर विश्वास ठेवायचा नाही.

आणि घरी आणल्यावर लेबल कापायच्या आधी आपली जुनी युक्ती, आत करड्या रंगाचा टीशर्ट घालून जॅकेट चढवायचं आणि बाथरूममध्ये शॉवरखाली दहा मिनिटं, हात वर, हात खाली, टोपी घालून. करड्या कापडावर ओला डाग लगेच काळा दिसतो, कुठली शिवण गळते ते कळतं. परत करायचं असेल तर दुकानदार ओलं घेणार नाही, वाळवून न्या.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी चांगलं ब्रँडेड जॅकेट घेतलं, पहिल्या वर्षी पाणी मोत्यासारखं ओघळायचं, आता बाहेरचं कापडच भिजून जड होतं आणि आतून गार ओलं लागतं. फाटलेलं कुठेच नाही. टाकून द्यायचं का?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर: अहो टाकू नका, ते बहुतेक गळतच नाहीये. बाहेरच्या कापडाला एक रसायन लावलेलं असतं, त्याने थेंब अळूच्या पानावरच्यासारखे घरंगळतात. मळ, घाम आणि सॅकच्या घासण्याने ते उतरतं, मग बाहेरचं कापड पाणी पितं, आतला पडदा पाणी अडवतोच पण घामाची वाफ बाहेर जायची वाट बंद, आणि तुम्हाला वाटतं पाऊस आत आला. तर आधी धुवा. लोक धुवायला घाबरतात आणि तिथेच घोटाळा होतो. सौम्य लिक्विड साबण किंवा ट्रेकच्या दुकानात मिळणारा टेक वॉश घ्या, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, ते पाणी ओढून घेतं. दोनदा खळबळून, वाळवून, मग लेबलवर चालतंय असं लिहिलं असेल तर वर पातळ कापड टाकून कोमट इस्त्री, त्या उबेने उरलंसुरलं रसायन परत जागं होतं. तरी थेंब टिकत नसतील तर त्याचाच स्प्रे मिळतो, तो मारा.

मात्र आतून पापुद्रे निघत असतील किंवा हाताला चिकट लागत असेल तर राम म्हणा, त्याला इलाज नाही. माझ्याच एका जॅकेटचं असं झालंय, सप्टेंबरात ट्रेकवरून आलो, दमलो होतो, ओलसरच घडी करून पिशवीत कोंबलं आणि माळ्यावर टाकलं. आपल्याकडचा मे महिना, माळ्यावरची उष्णता, पुढच्या जूनमध्ये काढलं तर आंबूस वास आणि आतला थर सुटून पांढरे कपटे, टेप लोंबतेय. आतला पॉलियुरेथेनचा थर ओल आणि उष्णतेने असाच सडतो. दोष माझाच. पूर्ण वाळवायचं आणि कपाटात हँगरला मोकळं टांगायचं, माळ्यावर नाही, गाडीच्या डिकीत तर नाहीच.

प्रश्न: सासूबाई केदारनाथला चालल्यात, चढायला घोडा करणार, उतरताना चालणार म्हणतात. पोंचो स्वस्त पडतो, तो दिला तर चालेल का?
– एक सूनबाई, रावपुरा

उत्तर: चालणाऱ्याला पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल झगा, वाईट नाही, सॅकसकट झाकतो आणि हवा पण खेळते. पण केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, वारा आला की पोंचो तोंडावर येतो, घोड्यावर तो फडफडायला नको, आणि उतरताना पोटापुढे लोंबणाऱ्या कापडामुळे पायाखालची पायरीच दिसत नाही. त्यांना साधं टेपवालं जॅकेट द्या, भडक रंगाचं, धुक्यात आपलं माणूस लगेच ओळखू येतं. आणि पावसाळी पॅन्ट विसरू नका, घोड्यावर बसलं की पाऊस सगळा मांड्यांवर. पॅन्टला घोट्यापासून वर चेन असलेली घ्या म्हणजे बुटावरूनच चढते, नाहीतर भर पावसात बूट काढून एका पायावर उभं राहावं लागतं, आणि ते सासूबाईंना सांगायची वेळ तुमच्यावर यायला नको.