परदेशात दत्तक गेलेलं मूल स्थलांतरितच का?

हो, स्थलांतरितच. फक्त इथे जाणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं.

लिसा स्थळेकरचंच बघा. जन्म १९७९, पुण्याचा. ससून रुग्णालयाजवळच्या 'श्रीवत्स' अनाथाश्रमातून दत्तक गेली आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कप्तान झाली. नोकरीसाठी जाणाऱ्या माणसासारखंच या बाळालाही पासपोर्ट, व्हिसा, नागरिकत्व लागतं. वर भाषा आणि नावही बदलतं. मागे फोन करायला घर मात्र राहत नाही.

पूर्वी यात फार सैलपणा होता. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले, २००३ मध्ये भारताने देशोदेशींच्या दत्तकविधानाबाबतचा हेग करार मान्य केला. आता 'कारा'चं, म्हणजे दत्तकविधानाच्या केंद्रीय सरकारी यंत्रणेचं, ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय मूल देशाबाहेर जाऊच शकत नाही, आणि आधी देशातच कुटुंब शोधावं लागतं. तरी कागद चुकला की माणूस अडकतो: अमेरिकेने २००० च्या कायद्याने दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व दिलं, पण तेव्हा वयाची अठरा वर्षं ओलांडलेले त्यातून वगळले गेले. काहींना मोठेपणी परत पाठवलं गेलं, जिथली भाषाही येत नाही अशा देशात.

मी पुण्यात परदेशी दत्तक गेलेल्या एका ताईंसोबत दुभाषी म्हणून फिरलो आहे. स्वीडनहून आल्या होत्या. हातात एकच पिवळा पडलेला कागद, त्यावर जन्मतारखेपुढे 'अंदाजे'. त्या शब्दाचा अर्थ त्यांनी मला दोनदा विचारला. मुळं शोधायचा हक्क आता नियमांत आहे, पण जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिच्या संमतीशिवाय ते मिळत नाही, आणि मला तेही योग्यच वाटतं.