थ्रॉटल सोडला की जेट स्की वळत नाही

दिवाळीत तारकर्लीला जाताय, बायको आणि 9 वर्षांची मुलगी बरोबर आहे; एकाच जेट स्कीवर तिघं बसावं का आणि ट्रिपवाल्याने हँडल हातात दिलं तर चालवावं का, असं तुम्ही विचारलंय. तिघं नकोच. चालवण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

जेट स्कीला सुकाणू नसतं. आतला पंखा खालून पाणी ओढून मागच्या नळीतून जोरात फेकतो आणि हँडल फिरवलं की ती नळी वळते. थ्रॉटल, म्हणजे हँडलवरचा वेग वाढवायचा खटका, सोडला की फवाराच मरतो, मग हँडल कितीही पिळा, गाडी सरळच जाते. आणि घाबरलेला माणूस पहिल्यांदा थ्रॉटलच सोडतो! नांगरलेल्या होडीसमोर मीही तेच केलं होतं. होडीची कड गुडघ्यावर बसली, दोन महिने जिना चढताना कठड्याला धरून चढत होतो. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर, हे गणित मला तेव्हा कळलं. सी-डू या जेट स्की बनवणाऱ्या ब्रँडने 2009 साली ब्रेकवालं मॉडेल आणलं खरं, पण किनाऱ्यावर भाड्याने मिळणारी गाडी तसलीच असेल असं धरून चालू नका.

दुसरं, लोक बोलायला लाजतात म्हणून राहून जातं. मागे बसलेला माणूस झटक्यात मागे पडला तर थेट त्या फवाऱ्यावर पडतो. पाणी गुदद्वारातून किंवा योनीमार्गातून आत घुसून आतडं फाटू शकतं. बाहेरून फारसं काही दिसत नाही. असं पडल्यावर पोटात दुखलं किंवा रक्त दिसलं तर हॉटेलवर न जाता सरळ हॉस्पिटल गाठा. साध्या पोहण्याच्या कपड्यांनी बचाव होत नाही. जाड वेटसूटची (पाणबुडे घालतात त्या रबरी पोशाखाची) पँट घाला, असं गाडीवरच्या स्टिकरवर कंपनीनेच लिहिलेलं असतं. वाचतो कोण!

चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला दोरी अडकवलेली हवी. माणूस पडला की ती इंजिनच्या बटणावरून निघते आणि इंजिन बंद होतं. बऱ्याचदा ती हँडललाच गुंडाळून ठेवलेली दिसते. तशी दिसली तर पैसे देऊ नका. लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत आलं तर ते सैल आहे.

मुलीला कर्लीच्या खाडीत होडीतून फिरवा. तिथेही जॅकेट घालाच.