लेथवाला म्हणतो, सरळ करून देतो!

साखर कारखाने सुरू झाले की माझ्या गॅरेजसमोर तोंड मोडलेल्या गाड्या वाढतात. अंधारात उभी उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. या वेळचे प्रश्नही बहुतेक पुढच्या शॉकअपचेच आहेत.

प्रश्न : ट्रॉलीला मागून धडकलो. १२५ सीसीची गाडी आहे. पुढचं चाक मागे सरकून सायलेन्सरच्या बेंडला टेकतंय. लेथवाला शॉकअपचे पाईप प्रेसवर सरळ करून देतो म्हणतो, शोरूमवाले दोन्ही नवे टाका म्हणतात. कुणाचं ऐकू? (कोरेगाव)

शोरूमवाल्यांचं. मी सहसा त्यांची बाजू घेत नाही, पण इथे घेतो.

पाईप कुठे वाकलाय ते बघा. समोरून मार बसला की तो बहुतेक वेळा खालच्या टीच्या, म्हणजे दोन्ही पाईप धरणाऱ्या आडव्या भागाच्या, लगेच खाली वाकतो. टीने त्याला तिथे आवळून धरलेलं असतं, त्यामुळे चाकाला बसलेला सगळा जोर तिथेच येतो. रोज ब्रेक मारतानाही पाईपवर सगळ्यात जास्त ताण येतो तो याच जागी. एकदा वाकलेलं लोखंड उलटं वाकवून सरळ दिसेल, पण त्यात पहिला दम राहत नाही. वरच्या क्रोमला केसासारख्या भेगा पडतात, त्यातून गंज धरतो आणि तोच पुढे ऑइल सील कापतो. पाईप फिरवताना डायल गेजवर ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर बदला, असं कितीतरी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. गेज नसेल तर पाईप जाड काचेवर लोळवा. खालून उजेड उघडमीट करत असेल तर तो वाकडाच आहे.

खोटं कशाला बोलू, तरुणपणी मीही सरळ केलेले पाईप बसवलेत. त्यातला एक काही महिन्यांनी साध्या खड्ड्यात त्याच जागी परत वाकून आला. गिऱ्हाईक हळू चालवणारं होतं म्हणून निभावलं.

आमच्याच धंद्यातली आणखी एक चलाखी सांगतो. वाकडा पाईप टीमध्ये अर्धा फिरवून बसवतात. मागचा वाक पुढे जातो, चाक सायलेन्सरपासून सुटतं, गिऱ्हाईक खूष! म्हणून गाडी घेताना पाईप समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा.

पाईप काढलेच आहेत तर खालची टी आणि कोन सेटही (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासून घ्या. धडकेत गोळ्या वाटीत रुततात. पुढचं चाक उचलून हँडल बोटाने हळू फिरवा; मधोमध खटकन अडलं तर कोन सेट गेला. पाईपच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, तो वाचवू नका.

प्रश्न : अपघातानंतर पाईप, टी, कोन सेट सगळं नवं टाकलं. तरी गाडी डावीकडे ओढते. हायवेवर हात सोडून दोनदा बघितलं. (उंब्रज)

तिसऱ्यांदा बघू नका.

आधी मागचं चाक बघा. चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या नसतील तर पुढे कितीही पैसे ओता, गाडी ओढणारच. त्या सारख्या असतील तर सुतळी घ्या. मागच्या टायरला मागून वेढा द्या आणि दोन्ही टोकं टायरच्या कडांना टेकवून पुढच्या चाकापर्यंत ताणा. हँडल सरळ धरा. पुढचं टायर बारीक असतं, म्हणून दोन्हीकडे फट राहते. ती सारखी हवी. एका बाजूला कमी भरली तर मार चेसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत गेलाय. मग टाकी उतरवून नेकजवळ, म्हणजे हँडलची दांडी चेसीत बसते तिथे, वेल्डिंगच्या कडेला बघा. रंगाला सुरकुती किंवा तडा असेल तर शॉकअपवाल्याचा काही दोष नाही.

चेसी बदलायची वेळ आली तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवा नंबर हवाच. ‘नेक कापून जोडून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका.

प्रश्न : यवतेश्वर घाटात गाडी घसरली. वेग काहीच नव्हता, पण चाक सरळ असताना हँडल तिरकं राहतं. शॉकअप बदलावे लागतील का? (सातारा)

बहुधा नाही. पाईप वाकले नसतील, टीमध्ये नुसती पिळवट आली असेल. टीचे आणि एक्सलचे बोल्ट सैल करा, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा, शॉकअप चारपाच वेळा दाबा आणि मग आवळा. एबीएस असेल तर चाकाजवळच्या सेन्सरची वायर आणि दातेरी रिंगही बघा.

प्रश्न : नवे पाईप टाकून पंधरा दिवस झाले, एका शॉकअपमधून ऑइल गळतंय. (वाई)

सील बसवताना दुमडलं असेल किंवा ऑइल जास्त भरलं असेल. ऑइल मापाने मोजून, दोन्हीकडे सारखं भरायचं असतं. ‘अंदाजाने ओतलं’ असं उत्तर आलं तर परत खोलायला लावा, फुकटात.

प्रश्न : शॉकअपचा खर्च विम्यातून मिळतो का? (कराड)

फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी छदामही मिळत नाही. फुल इन्शुरन्स असेल तर आधी कंपनीला कळवा. सर्व्हेअरने बघण्याआधी गाडी खोललीत तर क्लेम अडतो. घसारा कापतात तो वेगळाच : रबर आणि प्लॅस्टिकवर ५० टक्के, लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४०. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घेतलं असेल तर बरंचसं वाचतं. आणि जुने पाईप लगेच भंगारवाल्याला देऊ नका, सर्व्हेअर ते मागू शकतो.