मोतीबिंदू पिकण्याची वाट का पाहायची?

प्रश्न : माझे यजमान ६८ वर्षांचे आहेत. गुजरीत त्यांचे सोनारकाम आहे आणि आजही ते रोज पाटावर बसून साजाच्या पानड्या जोडतात. गेल्या वर्षी तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. रात्री दुकान बंद करून स्कूटरवरून घरी येताना समोरच्या गाडीचा दिवा फुटून पसरल्यासारखा दिसतो, असे ते सांगतात. मात्र जवळचे आता चष्म्याशिवाय दिसू लागल्यामुळे डोळे सुधारत आहेत, असा त्यांचा समज झाला आहे. "पिकू दे, दिवाळीनंतर थंडीत बघू," हे त्यांचे ठरलेले उत्तर. त्यांना मधुमेह आहे आणि प्रोस्टेटसाठी रोज एक गोळी चालू आहे. शस्त्रक्रिया आता करावी की थांबावे?
— एक वाचक भगिनी, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या यजमानांना जी सुधारणा वाटते आहे, ती मोतीबिंदू वाढत असल्याची खूण आहे. डोळ्यातील भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की त्याची प्रकाश वळवण्याची ताकद वाढते, चष्म्याचा नंबर उणे बाजूला सरकतो आणि काही काळ जवळचे बिनचष्म्याचे दिसते. हे सुख टिकत नाही. एकदा दुपारच्या उजेडात गडद निळा आणि काळा असे दोन दोरे त्यांच्यासमोर शेजारी शेजारी धरा. दुकानातील तरुण कारागीर ज्यांतला फरक सहज सांगेल, ते ओळखताना यजमान घुटमळले, तर पिवळसर झालेल्या भिंगाने निळा रंग किती खाल्ला आहे, हे त्यांचे त्यांनाच कळेल.

'पिकू दे' हा सल्ला आपल्या आजी-आजोबांच्या काळी योग्यच होता. तेव्हा संपूर्ण भिंग बाहेर काढत, त्या जागी दुसरे बसवत नसत आणि पुढे जन्मभर जाड काचांचा चष्मा लावावा लागे; म्हणून दिसेनासे होईपर्यंत थांबण्यात शहाणपण होते. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले, १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची पद्धत आणली आणि हे गणित उलटले. आता छेद दोन-तीन मिलिमीटरचा असतो, पण गाभा जितका कडक, तितकी तो फोडायला अधिक ताकद लागते आणि बुबुळावरील पारदर्शक पटलाच्या आतल्या पेशींना तितकी जास्त इजा होते. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. मोतीबिंदू अतिशय पिकला, तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो.

याचा अर्थ अहवालात मोतीबिंदू लिहिला की लगेच शस्त्रक्रिया, असा मुळीच नाही. ज्याचे रोजचे काम अडत नाही, त्याने दर सहा महिन्यांनी डोळे तपासून घेत निश्चिंत थांबावे. आपल्या यजमानांचे मात्र अडते आहे, आणि तेही रस्त्यावर. माझ्या मते त्यांनी आता थांबू नये, आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत रात्री स्कूटर चालवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मधुमेह हे आणखी एक कारण. मोतीबिंदू दाट झाल्यावर मागचा पडदा नीट दिसत नाही आणि तेथे मधुमेहाने झालेली हानी लपून राहते. म्हणून आधी बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी व्हावी, तेथे सूज असल्यास तिच्यावर उपचार व्हावेत आणि साखर आटोक्यात आणावी.

प्रोस्टेटच्या गोळीचा उल्लेख आपण केलात, हे फार चांगले झाले. टॅमसुलोसिनसारख्या औषधाने शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली आकसते आणि तिच्या कडेचा पडदा लुळा पडतो. गोळी बंद केली तरी हा परिणाम राहू शकतो. त्यामुळे ती मनाने थांबवू नका, गोळ्यांचे पाकीटच डॉक्टरांना दाखवा. आधी कळले, तर ते तयारीने उभे राहतात.

थंडीची वाट पाहण्याचे कारण आता उरलेले नाही. पावसाळ्यातही शस्त्रक्रिया तितकीच सुरक्षित असते, काळजी एकसारखीच घ्यायची असते. उलट तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागली की यजमानांना पाटावरून उठायला सवड मिळणार नाही. एका डोळ्यानंतर काही आठवड्यांनी दुसरा, असे आत्ताच उरकता येईल. मात्र डॉक्टर परवानगी देईपर्यंत फुंकणीने जाळ फुंकणे आणि भट्टीच्या धुराजवळ बसणे बंद ठेवावे लागेल.

भिंगाच्या निवडीत घाई करू नका. दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या महागड्या भिंगांमुळे रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, शिवाय बारीक कामाला हवी तितकी स्पष्टता मिळतेच असे नाही. सोनारकाम करणाऱ्याला एकाच अंतराचे, जवळच्या कामाला जुळणारे भिंग आणि रस्त्यावर चष्मा, ही जोडी अनेकदा अधिक मानवते. यजमान पाटावर बसले असताना त्यांच्या डोळ्यापासून हातातल्या पानडीपर्यंतचे अंतर टेपने मोजून कागदावर लिहा आणि भिंगाचा नंबर काढण्याच्या दिवशी तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या.