ऑगस्टीनचे तीन दारदेव: आधी प्रत तपासा, मग पुरावा

एका दारासाठी रोमनांचे तीन देव होते हे ख्रिस्ती बिशप ऑगस्टीनचं 'सिटी ऑफ गॉड' या ग्रंथातलं म्हणणं प्रबंधात लोकश्रद्धेचा पुरावा म्हणून चालेल का, आणि त्या ग्रंथाचं सहावं-सातवं पुस्तक ग्रंथालयाच्या प्रतीत का नाही, असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न वाचून माझं एमएचं वर्ष आठवलं.

तुमच्या हातातली प्रत बहुधा संक्षिप्त आहे. आमच्याकडे सूचीत 'संपूर्ण' अशी नोंद आणि आत निवडक उतारे होते. काउंटरवर दाखवलं, तर "सूचीत आहे तेच खरं". अर्ज केला, तर विभागप्रमुखांची सही हवी. सही नेली, तर बाहेरून पुस्तक मागवणं बंद. सत्र त्यातच गेलं. सहाव्या-सातव्या पुस्तकात ऑगस्टीन ज्याच्याशी वाद घालतो त्या रोमन विद्वान व्हॅरोशिवाय माझं प्रकरण लिहून झालं आणि तोंडी परीक्षेत नेमकं त्यावरच विचारलं. विद्यार्थ्याला असं ताटकळत ठेवणं मला आजही अक्षम्य वाटतं.

कारण सगळी मेख व्हॅरोत आहे. व्हिसिगॉथ राजा अलारिकने इ.स. ४१० मध्ये रोम लुटल्यावर, ४१३ च्या सुमारास ऑगस्टीन लिहायला बसला. व्हॅरो इ.स.पू. २७ मध्येच वारलेला. देवधर्मावरचे त्याचे सोळा खंड आज हरवलेत; त्यांतलं बरंचसं आपल्याला कळतं ते ऑगस्टीनने खोडण्यासाठी उद्धृत केलं म्हणूनच. चौथ्या पुस्तकात दाराचा फोर्क्युलस, बिजागरीची कार्डिया, उंबऱ्याचा लिमेंटिनस येतात. घराला माणूस एकच द्वारपाल ठेवतो आणि तो पुरतो, मग देव तीन कशाला, असा ऑगस्टीनचा सवाल. टोला जबरदस्त आहे, पण रोख जुन्या विद्वानांनी नोंदलेल्या देवांच्या याद्यांवर आहे. पाचव्या शतकातल्या घरात या तिघांना कोणी हात जोडत होतं, एवढं त्यावरून सिद्ध होत नाही. निदान मी तरी तसं लिहिणार नाही. (मी लॅटिनचा जाणकार नाही, मार्गदर्शकांचं मत वेगळं असेल तर ते धरा.)

चालत्या-बोलत्या धर्मावरची टीका हवी असेल तर ख्रिस्ती लेखक टर्टुलियनचं 'अपोलोजेटिकम' घ्या. इ.स. १९७ च्या सुमारास, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये, देवळं भरलेली असताना लिहिलेलं. तेरावं प्रकरण चुकवू नका: घरातले देव लोक गहाण टाकतात, विकतात, झिजलेल्या सॅटर्नच्या मूर्तीचं पातेलं आणि मिनर्व्हाची पळी करतात. तो वादासाठी तिखटमीठ लावतो हे मान्य, म्हणून शेजारी शिलालेख ठेवा.