एफडी मोडून जुन्या मोटारसायकल मासिकांचा संग्रह घ्यावा का?

प्रश्न (परळ): १९५०-६० मधली ब्रिटिश मोटारसायकल साप्ताहिकं आणि आपल्याकडची ८०-९० च्या दशकातली मासिकं, असे ४०० अंक १,८०,००० रुपयांना मिळताहेत. ५ लाखांच्या एफडीतून पैसे काढू का? दुसरी शिल्लक नाही. घरखर्च महिना ६०,०००. ५ वर्षांनी विकून नफा होईल?

उत्तर: एफडीला हात लावू नका. ६ महिन्यांच्या खर्चासाठी ३,६०,००० हाताशी हवेत. १,८०,००० काढलेत तर ३,२०,००० उरतात, वर मुदतीआधी मोडल्याचा दंड.

आता नफ्याचं बघू. ७ टक्क्यांनी १,८०,००० चे ५ वर्षांत सुमारे २,५२,००० होतात. पाकिटं, खोके वगैरेंचे २०,००० धरा आणि विकताना मध्यस्थाचे १५ टक्के. म्हणजे एफडीशी नुसती बरोबरी साधायला ३,२०,००० ची विक्री हवी. १०० अंक फाटके-अपुरे निघाले, तर उरलेला प्रत्येक अंक साधारण १,०७० ला जायला हवा. तुम्हाला तो ४५० ला पडतोय. सुटे अंक विकायला वर्षं जातात, आणि घाईने सगळे एकदम काढलेत तर भाव रद्दीकडे झुकतो.

मागणी कशाला असते तेही समजून घ्या. जुनी जावा किंवा बुलेट मूळ रूपात आणणाऱ्याला रंग, बॅज, कार्बोरेटरचा तपशील हवा असतो. त्याचं काम स्कॅनवर भागतं. मूळ अंकाला पैसे मोजणारा मुखपृष्ठ, जाहिराती आणि सलग वर्ष बघतो. साप्ताहिकाच्या वर्षाला साधारण ५२ अंक. त्यातले चार नसले तरी किंमत उतरते. बांधीव खंडांपासून तर सावधच राहा. बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं बऱ्याचदा काढून टाकलेली असतात, म्हणजे नेमका मोलाचा भागच गेलेला.

बघायला जाल तेव्हा दर दहावा अंक उचला, ४० अंक होतील. मधली पिन गंजली आहे का, मधलं पोस्टर आहे का, कूपन कापलंय का, पानांचे क्रमांक सलग आहेत का, कुबट वास येतो का? ६ पेक्षा जास्त अंकांत खोट निघाली तर विषय सोडा.

मुंबईच्या पावसाळ्यात कागद सांभाळणं हाच मोठा खर्च. गुळगुळीत आर्ट पेपर ओला होऊन वाळला की पानं चिकटतात, ती पुन्हा सुटत नाहीत. पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. अंक बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा माळ्यावर ठेवू नका. सिलिका जेल घालाल, पण ते वेळोवेळी तापवून कोरडं केलं नाही तर काही उपयोग नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच लावू नका, डाग कायमचा राहतो.

आवड सुंदर आहे आणि ती जपाच, फक्त महिन्याच्या बचतीतून. विक्रेत्याला निवडक ४० अंकांसाठी ७०० चा भाव सांगा: २८,००० होतात, महिना ४,००० बाजूला टाकलेत तर ७ महिन्यांत जमतील. तो तयार नसेल तर फोर्ट आणि किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे एकेक अंक शोधा. प्रत्येक अंकाचा महिना, दिलेली किंमत आणि अवस्था वहीत मांडा, आणि ती वही कुठे आहे ते घरात सांगून ठेवा, नाहीतर तुमच्या पश्चात सगळं तराजूत जाईल.